'नाही' असेल तर तसे लिहून द्या

सरकारी कचेरीतून चिडून बाहेर पडणाऱ्या माणसाला विचारावे, काम झाले नाही का? तो म्हणतो, "झाले की नाही, तेच कळत नाही." महसूल खात्यात कारकुनापासून तहसीलदारापर्यंतच्या खुर्च्यांवर माझी नोकरी झाली आणि आता निवृत्तीनंतर मी लोकांना अर्ज लिहून देतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसल्यावर माझे मत पक्के झाले आहे. आपल्याकडच्या नागरिकाला नकारापेक्षा उत्तर न मिळण्याने जास्त छळले आहे. नकार मिळालेला माणूस अपिलात जातो, वकील गाठतो, नाहीतर नाद सोडून दुसरा मार्ग धरतो. 'उद्या या' ऐकलेला माणूस मात्र कुठेच जाऊ शकत नाही. त्याला फक्त उद्या पुन्हा यायचे असते.

एक उदाहरण सांगतो. गाव आणि कचेरी यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण असे प्रकार कोणत्याही तालुक्यात सापडतील. एका शेतकऱ्याच्या निधनानंतर त्याच्या पत्नीला आणि मुलांना सातबारावर वारस म्हणून नाव लावायचे होते. नाव लागल्याशिवाय पीककर्ज नाही, पंतप्रधान किसान योजनेचा हप्ता नाही, नुकसानभरपाईही नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये याची वाट स्वच्छ आखलेली आहे. वारसांनी तलाठ्याकडे वर्दी द्यायची. त्याने ती वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, नोंदवायची, चौकशी करायची, फेरफार धरायचा, हितसंबंधितांना नोटिसा काढायच्या. हरकतीसाठी १५ दिवस. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आलीच तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, ६-अ मध्ये, जाते आणि दोन्ही बाजू ऐकून निर्णय होतो. हरणाऱ्याला कलम २४७ खाली प्रांताकडे अपील करता येते.

प्रत्यक्षात त्या बाईंची वर्दी तोंडी झाली. पोच मिळाली नाही. आधी एक कागद राहिला होता, तो आणल्यावर दुसरा राहिला. मग दिराने चावडीवर येऊन "माझी हरकत आहे" असे नुसते बोलून दाखवले आणि तलाठ्याने काम थांबवले. पुढे तलाठ्याची बदली झाली. नवा माणूस म्हणाला, "दप्तरात तुमचे काहीच नाही." आणि खरोखरच काही नव्हते. दिराची हरकत लेखी घेऊन नोंदवली असती, तर तिची सुनावणी झाली असती. निर्णय बाईंच्या विरोधात गेला असता, तरी त्यांना प्रांताकडे दाद मागता आली असती. पण जो निर्णय झालाच नाही, त्यावर अपील कशाचे करणार? आम्ही एका पानाचा अर्ज लिहिला, सोबतच्या कागदांची यादी जोडली आणि आवक शाखेत देऊन शिक्का, दिनांक व सही असलेली पोच घेतली. मुदत उलटल्यावर त्याच पोचेचा हवाला देऊन वरच्या अधिकाऱ्याकडे दुसरा अर्ज केला. नोंद झाली. कोणाची ओळख काढावी लागली नाही, पैसेही लागले नाहीत.

कायदे नाहीत म्हणून हे होते, असे कोणी समजू नये. कायद्यांच्या बाबतीत महाराष्ट्र मागे नाही. राज्यात १९७२ पासून लोकायुक्त आहेत. माहितीच्या अधिकाराचा राज्याचा कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. मागितलेली माहिती ३० दिवसांत द्यायची, नाहीतर दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड, असे त्या कायद्यात आहे. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कामातील विलंबाला प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा २००६ पासून लागू आहे. लोक त्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ फाइल राहू नये, असे तो सांगतो. मग २०१५ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला. उत्पन्नाचा दाखला १५ दिवसांत, जातीचा दाखला ४५ दिवसांत, अशी प्रत्येक अधिसूचित सेवेची मुदत ठरली. पदनिर्देशित अधिकारी ठरले, कार्यालयातच दोन अपिले आणि तिसरे आयोगाकडे अशी उतरंड झाली. कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद झाली. अर्जाची पोच द्यावी, तीत मुदत लिहावी आणि अर्ज फेटाळायचा असेल तर कारणे लेखी नोंदवावीत, हेही याच कायद्यात आहे.

यांतल्या कोणत्याही मुदतीची मोजणी अर्ज दाखल झाल्याशिवाय सुरू होत नाही. ती मोजणी कशी टाळायची, हे मात्र आमच्या व्यवस्थेने चांगले शिकून घेतले आहे. पहिली जागा दारातच आहे. अर्ज हातात घेऊन, चाळून, "अपुरा आहे" म्हणत परत द्यायचा. तो आवक नोंदवहीत चढलाच नाही, म्हणजे मुदत सुरूच झाली नाही. दुसरी जागा मधली. त्रुटी एकदम सांगायच्या नाहीत, एकेक करून काढायच्या. आज शिधापत्रिकेची प्रत, पुढच्या आठवड्यात प्रतिज्ञापत्र, त्यानंतर पोलीस पाटलाचा दाखला. प्रत्येक फेरीला नागरिकाचा एक दिवसाचा रोजगार आणि एसटीचे भाडे जाते. ते नुकसान कोणत्याही सरकारी हिशेबात दिसत नाही.

तिसरी जागा शेवटची, आणि मला तीच सर्वांत घातक वाटते. माणूस वैतागून जिल्हाधिकाऱ्यांकडे, मंत्रालयात किंवा महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याच्या लोकशाही दिनात तक्रार देतो. ती तक्रार 'नियमानुसार उचित कार्यवाहीसाठी' असा शेरा घेऊन एकेक पायरी खाली उतरते आणि ज्याच्याविरुद्ध होती त्याच्याच टेबलावर येते. वरच्या कार्यालयाच्या दृष्टीने काम संपलेले असते. मासिक अहवालात प्रकरण निकाली निघते, तक्रारदाराला 'संबंधितांकडे वर्ग' अशी प्रत मिळते. निकाली निघालेल्या प्रकरणांची संख्या वाढत जाते आणि लोकांचा रागही वाढत जातो, याचे कारण इथे आहे. अहवालात कागद मोजले जातात, सुटलेली कामे मोजली जात नाहीत.

संगणकाने काही गोष्टी खरोखर सुधारल्या आहेत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो आणि त्यासाठी कोणाचीही मनधरणी करावी लागत नाही. पण तिथे कोणाला काही ठरवायचे नसते, नोंद जशी आहे तशी द्यायची असते. जिथे अधिकाऱ्याने विचार करून हो किंवा नाही म्हणायचे असते, तिथे प्रणाली ऑनलाइन झाली तरी गाडी त्याच ठिकाणी अडते. पूर्वी 'साहेब मीटिंगला गेलेत' असे सांगत, आता 'सर्व्हर डाऊन आहे' असे सांगतात.

माझ्या जुन्या सहकाऱ्यांविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. एकाच तलाठ्याकडे दोन-तीन सजांचा कार्यभार असणे ही अनेक तालुक्यांत नेहमीची गोष्ट होती. गारपीट झाली की पंचनामे, निवडणूक आली की मतदार याद्या, आणि मधल्या काळात प्रत्येक नव्या योजनेचे अर्ज, हे सगळे त्याच माणसाच्या डोक्यावर. २०२३ मध्ये साडेचार हजारांच्या आसपास तलाठी पदांची भरती निघाली, तेव्हा दहा लाखांहून अधिक अर्ज आले. इतकी पदे भरण्याची वेळ येते, याचा अर्थ ती तोवर भरलेली नव्हती आणि त्यांचे काम दुसरे कोणीतरी ओढत होते.

पण मनुष्यबळाच्या टंचाईपेक्षाही खोल गेलेली एक गोष्ट आहे. आमच्या व्यवस्थेत चुकीची सही करणाऱ्याची चौकशी लागते, लेखापरीक्षणाचा आक्षेप त्याच्या निवृत्तिवेतनापर्यंत पाठलाग करतो. सहीच न करणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. विलंबाच्या दंडाची कलमे कायद्यात आहेत, पण ती लावायची कोणी? वरिष्ठाने, ज्याला उद्या त्याच माणसाकडून काम करून घ्यायचे आहे. त्यामुळे हुशार अधिकारीसुद्धा हळूहळू एक धडा शिकतो: निर्णय टाळण्यात धोका नाही. लाचेचे मूळही मला इथेच दिसते. माझ्या पाहण्यात बहुतेक लोक नियमबाह्य कामासाठी पैसे देत नाहीत. हक्काचे आणि नियमात बसणारे काम एकदाचे हलावे, म्हणून देतात. विलंब संपला तर त्या पैशाचा बाजारच उठेल.

हे बदलता येते, याचे पुरावे महाराष्ट्रातच आहेत. १९८० च्या दशकात अनिलकुमार लखिना यांनी अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाची घडी नव्याने बसवली. कागदांची वर्गवारी, अभिलेखांची मांडणी आणि येणाऱ्या माणसाची सोय यांवर त्यांचा भर होता. तो 'लखिना पॅटर्न' पुढे राज्यभर गाजला. २०१७ मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल' ही मोहीम हाती घेतली. साचलेल्या कामाचा निपटारा आधी, मग रोजचे काम रोज. दोन्ही प्रयोगांत नवा कायदा लागला नाही. सहा गठ्ठे पद्धत, कार्यविवरण नोंदवही, दप्तर तपासणी ही आमची जुनीच हत्यारे होती, त्यांना धार लावली गेली. उणीव एवढीच, की असे उपक्रम अधिकाऱ्याच्या नावाने ओळखले जातात आणि बदलीचा आदेश निघाला की त्यांचा जोर ओसरतो.

म्हणून सरकारकडे माझी मागणी मोठ्या सुधारणेची नाही. तीन गोष्टी सक्तीने पाळा. आलेला प्रत्येक अर्ज, अपुरा असला तरी, नोंदवून घ्या आणि पोच द्या. सगळ्या त्रुटी एकदाच, लेखी आणि सहीनिशी कळवा. आणि तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याकडेच उत्तरासाठी पाठवून ती निकाली काढण्याची प्रथा बंद करा. कचेरीत बसलेल्या माझ्या तरुण मित्रांना माझे सांगणे आहे की काम होण्यासारखे नसेल तर तसे लिहून द्यायला घाबरू नका. कारण नोंदवून दिलेला नकार तुमचेही रक्षण करतो आणि समोरच्यालाही पुढची वाट दाखवतो.

आणि वाचकहो, तुम्हाला एक विनंती. कचेरीत तोंडी काही सांगू नका आणि तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. कोणी पोच द्यायला नकार दिला, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. मुदत उलटली की पहिले अपील करा, भले काम छोटे असो. आपल्या गल्लीतल्या ज्या म्हाताऱ्या माणसाला हे जमत नाही, त्याच्यासाठीही एक अर्ज लिहून द्या. कायदा कागदावर तुमच्या बाजूने आहे. त्याला कामाला लावायचे असेल, तर तुमच्याही हातात कागद हवा.