भरावाखालचे पाणी

पिशोरच्या अंगाने वाहणारी अंजना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला मिळते, आणि आमच्या शिवारावर पडलेला पाऊस अखेरीस बंगालच्या उपसागरास पोहोचतो. कन्नडच्या घाटापलीकडे पडलेला पाऊस मात्र गिरणा-तापीच्या मार्गाने अरबी समुद्राचा आश्रय घेतो. ज्या डोंगररांगेच्या दोन उतारांवरून पाणी दोन समुद्रांकडे जाते, तिच्या सान्निध्यात राहणाऱ्या माणसाने किनाऱ्याचा प्रश्न परका मानू नये, अशी माझी भावना आहे. पैठणच्या नाथसागरावर हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी पाहताना, ठाण्याच्या खाडीच्या चिखलात त्यांचेच भाईबंद याच दिवसांत मान खाली घालून अन्न टिपत असतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. आणि त्या खाडीपासून फार दूर नाही अशा पनवेलच्या किनाऱ्यावर आता विमाने उतरू लागली आहेत.

नवी मुंबईचा हा विमानतळ निष्कारण उभा राहिला, असे मी म्हणणार नाही. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी वाहतूक चालत नाही. वर्षाला पाच कोटींहून अधिक प्रवासी त्या अपुऱ्या जागेतून ये-जा करतात, आणि भोवती वस्ती इतकी दाटली आहे की विस्तारास वाव उरलेला नाही. आमच्या छत्रपती संभाजीनगरातही चिकलठाण्याची धावपट्टी लांबविण्यासाठी भूसंपादन काढले आहे, आणि आमच्या भागातील मुलांना दूरदेशी जाण्याची वाट सुलभ व्हावी, असे मलाही मनापासून वाटते.

परंतु जागा कोणती निवडली? गाढी आणि उलवे या दोन नद्या पनवेलच्या खाडीला जेथे भेटतात, तेथील भरती-ओहोटीची सखल भूमी. 1991 च्या किनारा नियमनाच्या अधिसूचनेत अशा बांधकामास मुभा नव्हती, म्हणून 2009 साली याच प्रकल्पासाठी तिच्यात दुरुस्ती करण्यात आली. आणि नोव्हेंबर 2010 मध्ये, जयराम रमेश पर्यावरणमंत्री असताना, केंद्राची मंजुरी मिळाली. या मंजुरीपूर्वी दीर्घ वाटाघाटी झाल्या, गाढीचा प्रवाह राखला गेला, पर्यायी खारफुटीच्या लागवडीची अट घातली गेली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरीही उलवे नदीला तिचे पात्र सोडावे लागले, सुमारे नव्वद मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडून तिच्याच दगडमातीचा भराव दलदलीवर पसरला गेला, शेकडो एकर खारफुटी नाहीशी झाली आणि दहा गावांना आपली घरे सोडून जावे लागले. भरावाचे काम पुढे सरकले तसे डुंगी गावात पावसाळ्याचे पाणी शिरू लागले. गाव होते तेथेच होते. त्याच्या भोवतीची भूमी उंच झाली होती.

आमच्याकडे शेताच्या कडेला ओहळाची एक चिंचोळी पट्टी असते, सातबाऱ्यावर ती पोटखराबा म्हणून लिहिलेली असते, तिच्यावर आकार बसत नाही आणि उताऱ्यात तिची किंमत शून्य धरली जाते. पण एखाद्याने हावेपोटी ती बुजवून तेथे अद्रकीचे चार वाफे वाढवले, तर पहिल्याच मोठ्या पावसात ओहळ आपली वाट शोधीत भर शेतातून जातो आणि वाफ्यांबरोबर वरची सुपीक मातीही घेऊन जातो. खाजणाचे तेच आहे. भरतीचे पाणी आणि डोंगरावरून उतरलेला पूर यांची गाठ पडते तेव्हा दोघांना काही काळ विसावण्यासाठी जी जागा लागते, ती जागा म्हणजे तिवरांचे ते चिखलाचे रान. दुसऱ्या ठिकाणी तितक्याच क्षेत्रावर रोपे लावली, आणि समजा ती सगळी जगलीही, तरी उलव्याच्या मुखाशी पाण्याला मिळणारा विसावा तेथे निर्माण होत नाही, कारण ते कार्य झाडांच्या संख्येचे नसून स्थानाचे आहे.

आणि या उपेक्षेचा दंड प्रथम विमानतळांनाच भरावा लागतो, हा अनुभव जुना आहे. मुंबईच्या मिठी नदीला जुन्या विमानतळापाशी वळणे घेऊन धावपट्टीखालून जावे लागते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा नदीकाठच्या वस्त्यांबरोबर तो विमानतळही पाण्यात गेला. चेन्नईची दुसरी धावपट्टी अड्यार नदीवर पूल बांधून नेली होती. डिसेंबर 2015 च्या पुरात तेथील वाहतूक अनेक दिवस थांबली. 2018 च्या ऑगस्टमध्ये पेरियारच्या पुराने कोचीचा विमानतळ सुमारे दोन आठवडे बंद ठेवला, आणि पुढच्याच महिन्यात जपानच्या कानसाई विमानतळावर, जो समुद्रात भर घालून 1994 साली उभारला गेला आणि तेव्हापासून हळूहळू खचतच आहे, वादळाच्या लाटांनी धावपट्टी बुडवली. म्हणून किनाऱ्याची हानी एका पारड्यात आणि विमानतळाचा लाभ दुसऱ्या पारड्यात, अशी मांडणीच मला अपुरी वाटते. ही हानी काही वर्षांनी लाभाच्याच पारड्यात येऊन बसते.

माणसांच्या बाबतीतही दप्तराची दृष्टी अशीच आखूड आहे. नवी मुंबई वसवताना गेलेल्या जमिनींसाठी 1984 च्या जानेवारीत उरण-पनवेलचे शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्या बलिदानातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व प्रस्थापित झाले; विमानतळाच्या वेळी ते प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेले. हा मोठा विजय आहे आणि त्याचे मोल मी जाणतो. पण भूखंड मिळतो तो खातेदाराला. ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून कालवे आणि निवट्या वेचणाऱ्या बाईच्या नावे सातबारा नसतो. खाडीत जिताड्यासाठी जाळे लावणाऱ्याचा हक्क कोणत्याही फेरफारात चढलेला नसतो. जमिनीच्या मोबदल्याची सारी रचना जमाबंदीच्या कागदावर उभी आहे, आणि खाडीचे उत्पन्न त्या कागदावर कधी आलेच नाही. त्यामुळे जे सर्वांत आधी बुडाले त्याची हरकत नोंदवावयाची तरी कोणत्या खात्यावर?

नवी मुंबईचा निर्णय आता फिरवता येणार नाही. 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आहे, आणि तेथे काम मिळालेल्या तरुणांचा दुस्वास करण्याचे मला कारण नाही. माझी दृष्टी उत्तरेकडे, पालघर जिल्ह्यातील वाढवणकडे जाते. तेथे बंदरासाठी सुमारे 1,448 हेक्टर समुद्रात भर घालावयाची आहे, आणि त्याच परिसरात समुद्रात विमानतळ उभारण्याचाही प्रस्ताव शासनाने पुढे ठेवला आहे. ज्या डहाणू तालुक्याला 1991 साली केंद्रानेच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून संरक्षण दिले, तो हा किनारा आहे.

शासनाला माझी विनंती इतकीच आहे, की या नव्या विमानतळाचा मसुदा पक्का करण्यापूर्वी उलवे आणि गाढी यांच्या पुराच्या पातळीचा, पनवेलच्या खाडीतील मासळीचा, आणि लावलेल्या खारफुटीपैकी जगलेल्या झाडांचा वर्षवार हिशेब मराठीत छापून पालघरच्या किनाऱ्यावरील प्रत्येक ग्रामसभेपुढे ठेवावा, त्यावर हरकती घेण्यास पुरेशी मुदत द्यावी, आणि त्या निकाली निघेपर्यंत तेथील समुद्रात विमानतळासाठी एक पाटीही भर टाकू नये.