नावाचे कूळ

'कर' म्हणजे हात की सरकारदरबारी भरायचा पैसा, हे आपण संदर्भावरून ओळखतो. यंत्राला ती सोय नाही. म्हणून १९९९ साली एक्सएमएलमध्ये नेमस्पेस आली, नावाचे कूळ सांगणारी खूण. ती दिसते संकेतस्थळाच्या पत्त्यासारखी, पण त्या पत्त्यावर काही असलेच पाहिजे असे नाही.

हस्तलिखितांची सूची जावातून एक्सएमएलमध्ये उतरवणारा प्रोग्राम माझ्या हाती आला, तेव्हा पलीकडे नोंदी पोहोचत होत्या. ग्रंथनाम आणि कर्ता मात्र कोरे. यंत्राची तक्रार शून्य. पुष्पिकेत आवर्जून स्वतःचे नाव घालणारे कवी निनावी झाले होते, आणि ते कुणाच्या लक्षातही आले नसते.

सर्वांचा संशय मूळ घटकामागच्या 'एनएस२' या परक्या उपसर्गावर. पण उपसर्ग हे टोपणनाव. त्याने कूळ बदलत नाही. जॅक्सबीत केवळ मूळ वर्गावर लिहिलेली नेमस्पेस मूळ घटकालाच लागते. आतले घटक कुळाविना राहतात. त्यांच्यासाठी मुळाला उपसर्ग घ्यावा लागतो, इतकेच.

'पॅकेज-इन्फो' फाइलीत नेमस्पेस देऊन 'एलिमेंटफॉर्मडिफॉल्ट' हे 'क्वालिफाइड' केले. कवी परतले, 'एनएस२' मात्र हलेना. त्या फाइलीची सत्ता तिच्या पॅकेजापुरती, आणि लिपिकारांचा वर्ग (नकलकारांना नेहमीच वेगळे बसवतात!) दुसऱ्या पॅकेजात होता. तिथेही तशीच फाइल ठेवली. लिपिकारांची नावे उमटली, आणि 'एनएस२' आपसूक गेले.