जबलपूरची जोंगा: चाकांवरचं घर घेण्याआधी

न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियात लांबच्या सुट्टीवर गेलेले बरेच प्रवासी तिथे पोहोचल्यावर एक जुनी कॅम्पर व्हॅन विकत घेतात. दोन-तीन महिने तिच्यातच झोपायचं, तिच्यातच चहा-जेवण करायचं आणि परतताना ती दुसऱ्या प्रवाशाला विकून टाकायची. असे व्हिडिओ बघून तुमच्याही मनात आलं असेल, की आपल्याकडे हे जमेल का?

जमू शकतं. त्यासाठी परदेशीच जायला हवं असंही नाही. नागपूरहून सिवनीमार्गे साधारण २७० किलोमीटरवर जबलपूर आहे. १९५६पर्यंत ही दोन्ही शहरं एकाच प्रांतात होती. नर्मदा, संगमरवरी खडक आणि खव्याची जिलेबी यांसाठी तुम्ही जबलपूर ओळखत असाल. पण जुन्या गाड्यांच्या शौकिनांसाठी हे जोंगाचं गाव आहे.

सैन्याच्या गाड्यांचं माहेर

जबलपूरला १९०४मध्ये गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली. १९५९मध्ये जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्यावर 'शक्तिमान' ट्रक इथेच तयार होऊ लागला. मग १९६९मध्ये व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली आणि निसान पेट्रोलच्या धर्तीवरची एक दणकट जीप रस्त्यावर आली. जबलपूर, ऑर्डनन्स आणि गन कॅरेज या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव पडलं 'जोंगा'.

सहा सिलिंडरचं जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन आणि चारही चाकांना जोर, अशी ही गाडी सुमारे तीस वर्षं सैन्यात धावली. १९९६मध्ये सामान्य ग्राहकांसाठी डिझेल जोंगाही आली, पण ती फार टिकली नाही. १९९९च्या सुमारास उत्पादनच थांबलं. २०१९मध्ये महेंद्रसिंग धोनीने जुनी जोंगा घेतल्याची बातमी आली, तेव्हा नव्या पिढीला हे नाव कळलं.

मागच्या बाजूला भरपूर जागा असल्यामुळे दोघांच्या झोपण्याची सोय करायला ही गाडी मोह घालते. खरी परीक्षा इथूनच सुरू होते.

जशी आहे, जिथे आहे

जोंगा दोन मार्गांनी मिळते. सैन्याने निकाली काढलेली वाहनं लिलावात विकली जातात. सरकारी कंपनी एमएसटीसीच्या ई-लिलावात असा माल असतो. दुसरा मार्ग म्हणजे आधी कुणीतरी लिलावात घेतलेली, नंतर आरटीओत नोंदवलेली गाडी त्याच्याकडून घेणं.

लिलावाची अट ठरलेली असते, 'जशी आहे, जिथे आहे'. म्हणजे बोली लावल्यावर तक्रारीला जागा नाही. न्यूझीलंडमध्येही हेच शब्द वापरतात. तिथे विक्रीच्या वेळी गाडीच्या तपासणीचा दाखला एक महिन्याच्या आतला असावा लागतो, मात्र खरेदीदाराने 'जशी आहे तशी' घेतो असं लिहून दिलं तर ती अट सुटते. देश कुठलाही असो, या शब्दांवर सही करण्याआधी गाडी डोळ्यांनी बघायलाच हवी.

लष्करी नंबर प्लेटवर वर तोंड केलेला बाण असतो आणि त्यापुढचे दोन आकडे वर्ष सांगतात. पण हा नंबर घेऊन तुम्हाला रस्त्यावर फिरता येत नाही. सैन्याकडून आलेल्या गाडीची आरटीओत नोंदणी करताना संबंधित अधिकाऱ्यांनी दिलेला फॉर्म २१मधला मूळ विक्री दाखला लागतो. तो हरवलेला असेल, तर तुम्ही घेताय ते भंगार आहे असंच समजा.

आधी कागद, मग किल्ली

दुसऱ्याच्या नावावरची जोंगा घेत असाल तर एवढं नक्की बघा:

- आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळतो का? अनेक जोंगांमध्ये पेट्रोल खर्च वाचवायला डिझेल इंजिन बसवलेलं असतं. तो बदल आरसीवर चढवलेला नसेल तर पुढे जाऊ नका.
- नोंदणीची मुदत संपली आहे का? खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. एमपरिवहन ॲपवर ही माहिती दिसते.
- गाडी मध्य प्रदेशातली, म्हणजे जबलपूरच्या 'एमपी २०' नंबरची असेल आणि तुम्ही महाराष्ट्रातले असाल, तर फॉर्म २८वर एनओसी घ्या. हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इकडे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि रोड टॅक्सही भरावा लागतो.
- विमा १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या.

विकणारा म्हणेल, 'भैया, कागज तो बाद में हो जाएंगे.' त्याच क्षणी नमस्कार करून निघा. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या माणसाचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे कागद अर्धवट ठेवणं विकणाऱ्यालाही महागात पडतं. हे त्याला समजावून सांगा. शहाणा असेल तर तोच तुमच्याबरोबर आरटीओत येईल.

भेडाघाटपर्यंत एक चक्कर

कागद ठीक असतील तर गाडी सकाळी, इंजिन थंड असताना सुरू करून बघा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी बरंच काही लपवते. मग शहराच्या गर्दीतून भेडाघाटला जा. साधारण वीस-पंचवीस किलोमीटर आहे. वाटेत तापमानाचा काटा, ब्रेक आणि स्टिअरिंगचा ढिलेपणा बघा. धुआंधार धबधब्याजवळ गाडी अर्धा तास उभी करा आणि परत आल्यावर खाली तेल सांडलंय का ते वाकून पाहा. पावसाळा असेल तर छत गळतं का तेही कळेल. पावसाळ्यात संगमरवरी खडकांमधली नौका मात्र बंद असते.

खर्चाचा हिशेबही तिथेच करा. लिटरला पाच किलोमीटर धरले, तर नागपूरला पोहोचायला ५४ लिटर पेट्रोल लागेल. हा आकडा घरी सगळ्यांना सांगा, आजी-आजोबांनाही. मग ठरवा.

घर हलकं ठेवा

गाडीची मूळ रचना परवानगीशिवाय बदलायला मोटार वाहन कायदा मनाई करतो. म्हणून छत कापून खोली करण्यापेक्षा घडीचा पलंग, सामानाच्या पेट्या, मच्छरदाणी आणि पाण्याचा कॅन अशा काढता-घालता येणाऱ्या वस्तू बऱ्या. स्टोव्ह नेहमी बाहेर पेटवा. बंद गाडीत पेटता स्टोव्ह ठेवून झोपणं जिवावर बेतू शकतं.

इतकं जमलं तर नर्मदेच्या काठाने बरगी धरण, पुढे कान्हा आणि परतताना पेंच असा सुंदर प्रवास तुमची वाट बघतोय. रात्रीचा मुक्काम मात्र हॉटेल किंवा पर्यटन निवासाच्या आवारात, विचारूनच करा. आणि जमलं नाही, कागद जुळले नाहीत, तरी वाईट वाटून घेऊ नका. भाड्याच्या गाडीतूनही नर्मदा तितकीच सुंदर दिसते. जुनी गाडी पुन्हा मिळेल. चुकीच्या कागदांवर गेलेली घरची जमापुंजी मात्र परत मिळवणं फार कठीण असतं.