माळशेज उतरताना

ओतूर सोडून कल्याणकडे निघालात, की पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी काही वेळ सोबत करते. पुढे सह्याद्रीचा कडा येतो आणि माळशेज घाट सुरू होतो. पावसाळ्यात येथे धबधबे थेट रस्त्यावर कोसळतात, दरडी ढासळतात, धुक्यात चार हातांवरचे दिसत नाही. याच वाटेने तुमचा धाकटा भाऊ नव्या परवान्यावर टोमॅटोची पिकअप नेतो, तेव्हा घरी बहिणीचा डोळ्याला डोळा लागत नाही.

पण नुसत्या काळजीने घाट सरत नाही. पहिल्या खेपा दिवसाउजेडी, जाणता माणूस सोबत देऊन करू द्या. त्याला सांगा, "बाबा रे, ज्या गिअरमध्ये घाट चढतोस, त्याच गिअरमध्ये उतर. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नकोस. सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐनवेळी लागत नाहीत. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट दे. धुके दाटले, तर अलीकडे मढलाच थांब."

आणि उशीर झाला, चार पैसे कमी आले, तरी घरात कोणी रागावणार नाही, हे निघतानाच त्याच्या कानावर घाला.