सेरेंगेटीतील चार दिवस

टांझानियाला जायचे ठरले, तेव्हा सांगलीच्या आमच्या घरी वडीलधाऱ्या मंडळींनी एकच प्रश्न विचारला, "सिंह हरणाला कसा फाडतो, हे पाहायला समुद्रापार जायचे?" प्रश्न रास्त होता. अशा सहलींच्या जाहिरातीत शिकारीचेच छायाचित्र पहिल्या पानावर असते. नैरोबीला नोकरी करणाऱ्या जावयांनी सर्व व्यवस्था आधीच केली होती, म्हणून आम्ही उभयता, मुलगी आणि जावई असे चौघे फेब्रुवारीत निघालो. सौभाग्यवतींनी मात्र निघतानाच सांगून ठेवले होते की शिकार दिसली तर त्या डोळे मिटून घेतील.

'सफारी' या शब्दाचा स्वाहिली भाषेतील अर्थ नुसता 'प्रवास' एवढाच आहे. मूळ अरबी 'सफर' आपल्याकडेही आहेच. अरुशा गावातून जाताना पाट्यांवर 'बीमा' हा शब्द विमा याच अर्थाने दिसला, दुकानाला 'दुका' म्हणतात हे कळले, आणि धनादेशाला तिथे 'हुंडी' म्हणतात हे ऐकून तर या निवृत्त बँक अधिकाऱ्याला घरीच आल्यासारखे वाटले. गुजराती व्यापाऱ्यांची पावले त्या किनाऱ्यावर किती खोल उमटली आहेत, याचा हिशेब असा शब्दांतूनच लागतो.

अरुशाहून वर चढत गेले की न्गोरोंगोरोच्या विशाल ज्वालामुखी-विवराची कड लागते. तिथे दगडांचे एक साधे स्मारक आहे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मिशाएल यांचे. या पितापुत्रांनी १९५७-५८ मध्ये झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या छोट्या विमानातून सेरेंगेटीतील जनावरांची गणना केली. कळप वर्षभर कुठून कुठे जातात, हे त्यांना नोंदवायचे होते. जानेवारी १९५९ मध्ये विमानावर गिधाड आदळून मिशाएल गेला. वडिलांच्या अस्थीही पुढे १९८७ मध्ये त्याच्याजवळच ठेवण्यात आल्या. प्राणी वाचवायचे तर आधी ते मोजले पाहिजेत, हा त्यांचा विचार मला फार भावला. आयुष्यभर मोजण्याचेच काम केलेल्या माणसाला तो भावणारच, असे जावई हसून म्हणाले.

विवराची कड ओलांडून गाडी उतरू लागली आणि झाडे संपली. सेरेंगेटी हे नाव मसाई भाषेतून आले असून त्याचा अर्थ 'न संपणारे मैदान' असा सांगतात. राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे १४,७०० चौरस किलोमीटर आहे. दक्षिणेकडे नजर जाईल तिथवर आखूड गवत आणि मधूनच ग्रॅनाइटच्या खडकांचे उंचवटे. शेजारच्या ज्वालामुखींची राख हजारो वर्षे इथे पडत आली. तिचा खाली कठीण थर झाला आहे. झाडांची मुळे त्यातून जात नाहीत, पण वरचे गवत खनिजांनी समृद्ध होते. म्हणूनच पिलांना दूध पाजणाऱ्या माद्या याच मैदानावर येतात. विल्डबीस्ट नावाचे, गाईसारखे शिंग आणि घोड्यासारखे आयाळ असणारे हे हरणाच्या कुळातील जनावर. त्यांची संख्या १३ लाखांच्या आसपास आहे. फेब्रुवारीच्या सुमारास अवघ्या दोन-तीन आठवड्यांत त्यांची बहुतेक पिले जन्मतात. एवढी पिले एकदम आल्यावर शिकारी खाऊन खाऊन किती खाणार? पिलू जन्मल्यावर काही मिनिटांत उभे राहते आणि आईमागे धावू लागते. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. त्या वेळी सौभाग्यवतींनी डोळे मिटले नाहीत.

भोजनाची काळजी अनेकजण विचारतात, म्हणून दोन ओळी. अंडे, कांदा, लसूण, कंदमूळ काही नको, हे तंबूच्या मुक्कामावरील स्वयंपाक्याला आधीच कळवले होते. त्याने मक्याच्या पिठाची उगाली, आपल्या माठासारखी 'म्चिचा' नावाची पालेभाजी, राजमा आणि चक्क चपाती केली. सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. साडेसहाला ताट मांडा म्हटल्यावर तो जरा चकित झाला, पण चारही दिवस वेळ पाळली. सोबत शेंगाचटणी आणि भडंग होतेच. उद्यानात अंधार पडल्यावर गाड्या फिरवण्यास मनाई आहे, त्यामुळे आमचे वेळापत्रक आणि तिथला नियम यांचे चांगले जमले.

दुसऱ्या दिवशी सेरोनेराजवळ चित्त्याची मादी दिसली. सोबत तीन बच्चे. समोर गॅझेल हरणांचा कळप चरत होता. ती दबकत निघाली, तोच एकामागून एक गाड्या येऊ लागल्या. मी मोजल्या, एकोणीस भरल्या. कोणी टपावर उभे, कोणी चालकाला पुढे घे म्हणून खुणावत होते. हरणांनी माना वर केल्या, मादी बसली, पुन्हा उठली, पुन्हा बसली. चित्ता दिवसा शिकार करतो आणि ताकदीने सिंह-तरसांपुढे टिकत नाही, म्हणून त्याला ही मोकळी घटकाच हवी असते, असे आमच्या चालक-मार्गदर्शकाने सांगितले. तेव्हा सौभाग्यवतीच म्हणाल्या, "चला इथून. तिची पोरं उपाशी आहेत." शिकार पाहायची नाही म्हणणाऱ्या बाईंच्या तोंडचे हे शब्द ऐकून मी गप्प राहिलो. मार्गदर्शकाने गाडी मागे घेतली. पुढे काय झाले, ते आम्ही पाहिले नाही.

त्या संध्याकाळी शेकोटीपाशी त्याने एक वेगळीच गोष्ट सांगितली. तो स्वतः मसाई. त्याच्या आजीच्या तोंडी 'एमुताई' हा शब्द असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोगराईने आणि दुष्काळाने मसाईंचा सर्वनाश झाला, तो काळ. त्यातला मोठा वाटा बुळकांडीचा. १८८७ च्या सुमारास इटालियन सैन्यासाठी एरिट्रियात आणलेल्या गुरांबरोबर ती आफ्रिकेत शिरली, आणि ती गुरे हिंदुस्थानातून गेली होती असे अनेक इतिहासकार लिहितात. बुळकांडी हा शब्द आमच्या कृष्णाकाठच्या जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी मी लहानपणी ऐकला आहे, तो तिथे पुन्हा भेटेल असे वाटले नव्हते. गाईगुरांमागोमाग विल्डबीस्टही मेले. पुढे नैरोबीजवळच्या मुगुगा येथे वॉल्टर प्लोराइट यांनी १९६० च्या सुमारास या रोगावर उत्तम लस तयार केली. उद्यानाभोवतालच्या पाळीव गुरांना लशी टोचत गेल्यावर रानातला रोगही नाहीसा झाला. १९६१ मध्ये सुमारे अडीच लाख असलेले विल्डबीस्ट १९७७ पर्यंत १३ लाखांच्या पुढे गेले. रानातल्या एकाही जनावराला कोणी हात लावला नव्हता! २०११ मध्ये बुळकांडी जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले.

"आणि तुमचे लोक?" जावयांनी विचारले. १९५९ मध्ये मसाईंना उद्यानाची हद्द सोडावी लागली. त्यांच्यासाठी न्गोरोंगोरोचे संरक्षित क्षेत्र वेगळे करण्यात आले, आणि तिथल्या वस्तीवरूनही आज वाद चालू आहे. तो एवढेच म्हणाला, "आमची गाय आणि हे न्युंबू एकाच गवतावर वाढले, म्झे." न्युंबू म्हणजे विल्डबीस्ट. जमाखर्चात दुसरी बाजूही लिहावी लागते, म्हणून हे नोंदवतो.

चौथ्या दिवशी नाबी टेकडीच्या दरवाजाकडे परतत असताना गाडीमागे काहीतरी धावताना मुलीला दिसले. फिकट तपकिरी रंगाचे विल्डबीस्टचे पिलू, नाळेचा सुकलेला तुकडा अजून पोटाला लोंबत होता. आई हरवली की पिले हलत्या मोठ्या वस्तूमागे लागतात. आम्ही थांबलो, तर ते गाडीच्या सावलीत येऊन उभे राहिले. सौभाग्यवतींनी पाण्याची बाटली हातात घेतली होती. आपल्याकडे अशा वासराला पांजरपोळात पोहोचवता आले असते. मार्गदर्शकाने मान हलवली. उतरण्याची परवानगी नाही, खायला-प्यायला देण्याची नाही. त्याला दुसरी कोणतीही मादी दूध देणार नाही. स्वतःची आई वासावरून ओळखेल, ती भेटली तरच ते जगेल. आणि आपण जितका वेळ इथे थांबू, तितका कळप लांब जाईल.

"पोले पोले," असे स्वतःशीच म्हणत त्याने गाडी अगदी सावकाश पुढे काढली. पिलू मागे येऊ लागले. सुमारे एक किलोमीटर पुढे कळप रस्ता ओलांडत होता. त्याच्या अगदी जवळ जाईपर्यंत त्याने वेग वाढवला नाही. मग इंजिन बंद केले. हंबरण्याचा मोठा आवाज आला. पिलू क्षणभर थांबले आणि पायांच्या त्या गर्दीत शिरले. एकसारख्या शेकडो पिलांत ते कोणते, हे लगेच ओळखेनासे झाले. सौभाग्यवती दुर्बीण डोळ्यांना लावून बसल्या होत्या. संपूर्ण कळप उतरून धूळ खाली बसेपर्यंत त्यांनी ती काढली नाही, आणि मार्गदर्शकानेही तोवर गाडी सुरू केली नाही.