अस्थींतील कालगणना

करंजाडे, ता. पनवेल

चिरंजीव बाळास,

तुझे पत्र पावले. नागपुरास अस्थिरोग विभागात रुजू झाल्यापासून रात्रपाळीत समोर येणाऱ्या क्ष-किरण चित्रांपुढे मन गोंधळून जाते, वरिष्ठ ज्या रेषेवर बोट ठेवतात ती रेषा त्यांनी दाखवीपर्यंत आपल्याला दिसत नाही, तर ही दृष्टी येते तरी कशी, असे तू विचारले आहेस. तुझ्या प्रश्नातील तळमळ मला फार आवडली. उत्तराचा बराचसा तपशील पाठ्यपुस्तकांत आहेच. परंतु तेथे ठळकपणे न सांगितलेली एक गोष्ट मला वर्षानुवर्षे मुख्य वाटत आली आहे. हाडाचे चित्र ही काळाची नोंद आहे, आणि अस्थीत कोणती घटना घडायला व दिसायला किती अवधी लागतो हे ज्याला ठाऊक झाले, त्यालाच ते चित्र वाचता येऊ लागते.

वुर्ट्सबुर्ग येथे राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला आणि त्याच वर्षीच्या २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यापूर्वीच्या वैद्यांना डोळा आणि बोटे एवढीच साधने होती. तरीही सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार नोंदले आहेत, आणि त्यांतील ‘वक्र’ हा प्रकार वाचताना मला लहान मुलांचे वाकलेले, पण पुरते न तुटलेले हाड आठवल्यावाचून राहत नाही. अब्राहम कॉलिस यांनी मनगटाजवळच्या ज्या अस्थिभंगाचे वर्णन केले, तेही १८१४ सालचे, म्हणजे किरणांच्या ८१ वर्षे आधीचे. हे मी अशासाठी लिहितो की, चित्र उजेडासमोर धरण्यापूर्वी रुग्णाच्या अंगाला हात लावण्याचा तुझा परिपाठ सुटू नये.

प्रारंभ कोपरापासून कर. जन्मतः कोपराचा मोठा भाग कूर्चेचा असतो आणि कूर्चा चित्रात उमटत नाही. पुढे तेथे सहा अस्थिकेंद्रे एकामागून एक प्रकट होतात. कॅपिटेलम सुमारे पहिल्या वर्षी, रेडियसचे डोके तिसऱ्या, मेडियल एपिकॉन्डाइल पाचव्या, ट्रॉक्लिया सातव्या, ऑलिक्रेनन नवव्या आणि लॅटरल एपिकॉन्डाइल अकराव्या वर्षाच्या आसपास. वर्षे मागेपुढे होतात, मुलींत ही केंद्रे लवकर दिसतात. क्रम मात्र सहसा ढळत नाही. येथल्याच एका आठ वर्षांच्या मुलाचा पडल्यामुळे निखळलेला कोपर हाडवैद्याने ओढून बसवला होता, पण हात सरळ होईना म्हणून चित्र माझ्याकडे आले. सांध्याच्या आतल्या बाजूस, ट्रॉक्लिया जेथे अपेक्षित असते नेमके तेथे, वाटाण्याएवढे एक गोलसर हाड दिसत होते. वय आठ, तेव्हा ते तेथे असणे स्वाभाविकच वाटावे. पण त्याच्या वर, आतल्याच बाजूच्या कडेला, जेथे त्याहून दोन वर्षे आधी येणारे मेडियल एपिकॉन्डाइल दिसावयास हवे, ती जागा रिकामी होती. धाकटे हजर आणि थोरले गैरहजर, असे हाडांच्या राज्यात होत नाही. थोरलेच आपल्या जागेवरून उखडून सांध्यात अडकले होते. दुसऱ्या कोपराच्या चित्राने खात्री पटली आणि शस्त्रक्रियेने ते हाड पूर्ववत बसवण्यात आले.

दुसरी गोष्ट, चित्राला आंधळे दिवस असतात. आमच्या पनवेल परिसरात महामार्गांचे जाळे आहे. दुचाकीवरून पडून हाताच्या तळव्यावर आपटलेला तरुण येतो, अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर कळवळतो, आणि चित्र मात्र निर्दोष असते. मनगटातील स्कॅफॉइड या हाडाची भेग पहिल्या दिवशी पुष्कळदा दिसत नाही. दहा ते चौदा दिवसांत तिच्या कडा विरघळू लागल्या म्हणजे ती स्पष्ट होते. या हाडाचा रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडील टोकाकडून येत असल्याने दुर्लक्ष झाल्यास कोपराकडील तुकडा मरू शकतो, तेव्हा मधल्या काळात प्लास्टर घालून पुन्हा चित्र काढणे हाच सुज्ञ मार्ग होय. हाडात पू झाला असताही पहिले आठ-दहा दिवस चित्र बहुधा मूकच असते, कारण खनिजाचा सुमारे ३० ते ५० टक्के अंश नाहीसा झाल्याखेरीज साध्या चित्रात उणीव डोळ्यांना जाणवत नाही. लेकराला ताप आहे, पाय टेकवत नाही आणि चित्र स्वच्छ आहे, असे असता ‘दोष नाही’ असा शेरा मारून त्याला घरी पाठवणे हा मी अक्षम्य अपराध समजतो.

याउलट क्षयाची चाल मंद. तो मणक्यांमधील चकतीलगतच्या कडा महिनोन् महिने पुसत नेतो, अखेर मणके पुढे कोसळून पाठीला कुबड येते. पूजनक जंतू असाच विध्वंस काही आठवड्यांत उरकतात. म्हणून दुखणे केव्हापासून आहे, हे विचारल्यावाचून मणक्याचे चित्र वाचूच नये.

तुझ्या विदर्भात तर काळाबरोबर मुलूखही वाचावा लागेल. सिकलसेलग्रस्त तरुणाचा खुबा दुखत असेल, तर मांडीच्या हाडाचे डोके रक्ताअभावी मरून चपटे झाले आहे काय ते पाहा. यवतमाळ-चंद्रपूरकडील ज्या गावांच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आहे, तेथील वृद्धाचे हाड चुन्यासारखे पांढरे दिसेल आणि कोपर व मनगट यांमधल्या दोन हाडांदरम्यानचा पडदाही अस्थिमय झालेला आढळेल. हा अनेक वर्षांच्या पाण्याचा जबाब आहे. आमच्या जवळच नेरे येथे कुष्ठरुग्णांची सेवा करणारे शांतिवन आहे. त्या रोगात संवेदना गेलेल्या बोटांना होणाऱ्या, न कळणाऱ्या जखमांनी टोकांची हाडे वर्षानुवर्षे झिजून निमुळती होतात, आणि असे चित्र पाहताना त्या माणसाने सोसलेली सारी वर्षे समोर उभी राहतात.

दोन दिशांनी घेतलेली चित्रे, वरचा व खालचा सांधा, शंका असल्यास दुसरे अंग आणि उपलब्ध असल्यास जुने चित्र, हा दंडक तुला तेथे शिकवतीलच. त्यांतील जुन्या चित्राचा आग्रह सर्वांत अधिक धर. भ्रमणध्वनीवर पाठवलेल्या अर्धवट छायाचित्रावरून मत देऊ नकोस.

दिवाळीत तू येशील तोवर मी माझ्या संग्रहातील काही रुग्णांची, नावे झाकलेली पाकिटे वेगळी काढून ठेवतो. एकेकाच्या चार-पाच चित्रांवरील तारखाही चिकटपट्टीने बुजवीन. अगोदरचे कोणते, नंतरचे कोणते आणि मध्ये किती काळ लोटला असावा, हे तू कारणांसह लिहून दाखवायचेस.

तुझा,
मामा