तिसरी आंबोळी

आमच्याकडे रविवारची न्याहारी शनिवारी दुपारीच सुरू होते. एका पातेल्यात तीन वाट्या तांदूळ, दुसऱ्यात वाटीभर उडदाची डाळ आणि चमचाभर मेथ्या भिजतात. काळे वाटाणे वेगळे. त्यांना बारा तास तरी हवेतच, तिथे घाई चालत नाही. रात्री जेवणं आटोपली की वाटण. डाळ अगदी गंधासारखी, तांदूळ मात्र किंचित रवाळ. मग दोन्ही एकत्र करून हाताने खूप फेटायचं.

पुढचं काम आपलं नसतं. धान्यासोबत आलेले जिवाणू रात्रभर पीठ आंबवतात, त्यातून वायू सुटतो आणि उडदाचा चिकटपणा तो धरून ठेवतो. म्हणून आंबोळीला जाळी पडते. मे महिन्यात पीठ पहाटेच पातेल्याबाहेर डोकावतं. डिसेंबरात त्याला टॉवेल गुंडाळावा लागतो. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याचं माप घरोघरी पोचलं. आईकडेही त्याची जुनी प्रत आहे. पण पीठ आलं की नाही, हे ती वासावरूनच ओळखते.

आई मूळची वेंगुर्ल्याची. संसार सगळा डोंबिवलीत झाला, तरी ओट्याशी उभी राहिली की मालवणीतच विचारते, “तवो तापलो?” बिडाच्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा नाचला की अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवायचा. पीठ मध्यभागी ओतायचं आणि डोशासारखं ताणायचं नाही. वर झाकण. कडा सुटल्या की उलथनं घालायचं. शेजारच्या शेगडीवर काळ्या वाटाण्याचं सांबारं रटरटत असतं. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप आणि मालवणी मसाला घातलेलं.

साडेदहापर्यंत घर भरतं. भावाची मुलं, समोरच्या काकू, कधी कुणाचा पाहुणा. नाश्ता म्हणावा तर उशीर, जेवण म्हणावं तर लवकर. आठवडाभर लोकलच्या वेळेवर जगणाऱ्यांना एवढी एकच वेळ निवांत मिळते. कुणी उठत नाही, पानात गरम आंबोळी पडतच राहते.

तव्याशी मी उभी राहू लागले, तेव्हा या पंगतीचा हिशोब ध्यानात आला. पहिली आंबोळी बहुधा तव्याला धरते. दुसरी बरी निघते. तिसरीपर्यंत तवा एकसारखा तापलेला असतो, तेलही मुरलेलं असतं. ती सर्वांत देखणी होते. आणि शेवटची? पातेलं विसळून, पाणी घालून निपटलेल्या पिठाची, पातळ, जाळी नसलेली. इतकी वर्षं आईच्या पानात तीच पडत आली. तिने कधी तक्रार केली नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. सांबाऱ्यातले वाटाणे तोवर संपलेले असत, नुसता रस्सा उरे.

आता उलथनं माझ्या हातात असतं आणि आई सगळ्यांबरोबर बसते. सुरुवातीला दर दोन मिनिटांनी उठायची. आता नातवंडंच तिला उठू देत नाहीत. बसल्या जागेवरून सूचना मात्र चालू असतात.

आईच्या हाताच्या चवीचं कौतुक आपण सगळेच करतो. ते जरूर करावं, पण तोंडी कौतुकाने तिचं पान गरम राहत नाही. या रविवारी तुमच्या घरी आंबोळ्या, घावन, थालीपीठ जे काही होईल, तेव्हा तव्याशी तुम्ही उभे राहा. आणि तिसरं आईला वाढा.